बंगारम: पाण्यात डोकं घातल्यावर दिसलेलं बेट

ताईने वयाच्या ५८ व्या वर्षी पोहण्याचा वर्ग लावला. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सुचवलं होतं. सुरुवातीला ती कंटाळत जायची, मग गोडी लागली, आणि दोन वर्षांनी एका रविवारी फोनवर म्हणाली, "मला तळ दिसेल अशा समुद्रात उतरायचंय. निळ्या फरशीचा तळ आता पुरे झाला." आपल्या किनाऱ्याचा समुद्र तिला चांगला माहीत होता. नद्या आणि खाड्या तिथे इतका गाळ आणून ओततात की कंबरभर पाण्यात स्वतःची पावलं दिसत नाहीत. नितळ पाणी हवं तर जिथे नदीच नाही अशा ठिकाणी जायला हवं, आणि लक्षद्वीपमध्ये एकही नदी नाही.

असं आमचं बंगारम ठरलं. विमानतळ असलेल्या अगत्ती बेटाच्या ईशान्येला असलेलं हे बेट तासाभरात पायी फिरून होतं. पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या आणि तिथे काम करणारी माणसं, एवढीच तिथली वर्दळ. फेब्रुवारी २०२५ मध्ये जायचं म्हणून आम्ही नोव्हेंबरातच तयारीला लागलो, आणि ते बरंच झालं.

लक्षद्वीपला परवान्याशिवाय पाय ठेवता येत नाही. १९६७ चे प्रवेश आणि निवासाचे नियम आजही लागू आहेत. बेटं ३६, त्यांतल्या १० बेटांवर वस्ती, आणि सगळी जमीन मिळून फक्त ३२ चौरस किलोमीटर. मूळचे रहिवासी जवळजवळ सगळे अनुसूचित जमातीत मोडतात. एवढ्याशा जमिनीवर कोण येतं आणि किती येतात याची नोंद ठेवायलाच हवी, हे मला तिथे जाऊन आल्यावर फार पटलं. जाण्याआधी मात्र कागदांचा जीव नको झाला होता.

कामाचा क्रम नीट सांगते, कारण त्यात चूक झाली की पैसे अडकतात. आधी खोली नक्की करायची. अर्जात कुठे राहणार आणि कोणाच्या जबाबदारीवर जाणार ते लिहावं लागतं. आमच्यासाठी ते पत्र निवासाच्या व्यवस्थापनाने दिलं. मग पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला. अर्ज ऑनलाइन असला तरी ठाण्यात एकदा जावं लागलंच. माझा दाखला नऊ दिवसांत हातात आला. ताईचा अडकला. तिच्या आधार कार्डावर जुना पत्ता होता, वीजबिल भाऊजींच्या नावावर, आणि पासपोर्टची मुदत संपलेली. तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला तिने लग्नाचा दाखला आणि बँकेचं पासबुक नेलं तेव्हा काम झालं. तुमचेही कागद वेगवेगळ्या पत्त्यांचे असतील तर ते आधी सरळ करून घ्या, मग खोलीचे पैसे भरा.

दाखले आले की प्रवेश परवान्याचा अर्ज. त्यात बेटांची नावं लिहावी लागतात आणि परवाना त्या बेटांपुरताच असतो. आम्ही अगत्ती आणि बंगारमबरोबर शेजारचं थिन्नकाराही लिहिलं. विमानाचं तिकीट परवाना मिळाल्यावरच काढलं. तोवर एका दिवसाच्या विमानात जागा उरल्या नाहीत, म्हणून तारीख दोन दिवस पुढे ढकलावी लागली, पण हातात परवाना नसताना तिकीट काढण्याचा धीर मला झाला नसता.

कोचीहून अगत्ती साधारण ४६० किलोमीटर. पंख्यांचं छोटं विमान, सव्वा तास. खाली सगळा वेळ एकसारखं गडद निळं पाणी, आणि मग अचानक त्यात फिकट हिरव्या रंगाचं एक कडं दिसतं. कड्याच्या एका बाजूला झाडांची बारीक रेघ आणि रेघेच्या टोकाला धावपट्टी. १९८८ साली सुरू झालेली ही धावपट्टी जेमतेम १२०० मीटरची आहे, दोन्ही बाजूंना समुद्र. ताईने माझा हात घट्ट धरला होता. विमान थांबल्यावर म्हणाली, "बेट कुठंय? सगळं पाणीच दिसलं."

तिचं म्हणणं एका अर्थी बरोबर होतं. ही प्रवाळाची कंकणद्वीपं, म्हणजे उथळ पाण्याभोवती कड्यासारखी पसरलेली बेटं. पायथ्याला बुडालेले ज्वालामुखीचे डोंगर आणि त्यांच्यावर प्रवाळांनी लाखो वर्षं रचलेला चुनखडीचा थर. आणि हे ज्वालामुखी आपल्या ओळखीचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त ठिकाणावरून सह्याद्रीचा काळा कातळ थरांवर थर ओतला गेला, तेच ठिकाण, भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत असताना, मागे डोंगरांची एक माळ सोडत गेलं. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही त्या माळेवरची बेटं, आणि ते ठिकाण आज हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली आहे. सह्याद्रीचा कडा आणि ही पांढरी पुळण एकाच चुलीची. मी हे ताईला धक्क्याकडे जाताना सांगितलं. तिने रस्त्याकडेच्या वाळूत हात घालून बघितलं, आणि "काळा दगड एकही नाही गं," म्हणाली. खरंच नाही. आपला कातळ तिथे फार खोल गाडला गेलाय.

अगत्तीला परवान्याची नोंद झाली आणि आम्ही होडीची वाट बघत बसलो. होडी घड्याळावर नाही, भरतीवर चालते. कंकणाच्या आतलं पाणी, ज्याला सगळे लगून म्हणतात, ठिकठिकाणी इतकं उथळ आहे की ओहोटीला होडीचा तळ प्रवाळाला घासेल. दोन तास थांबलो, मग दीड तासाचा प्रवास. वाटेत पाण्याचा रंग चार वेळा बदलला. तांडेल तो रंग बघूनच होडी वळवत होता: पांढुरकं हिरवं म्हणजे खाली वाळू, तपकिरी ठिपके म्हणजे प्रवाळ, गडद म्हणजे खोल.

बंगारमला उतरून गुडघाभर पाण्यातून चालत किनाऱ्याला आलो. खोलीत सामान टाकलं. आंघोळीचं पाणी किंचित मचूळ लागलं, त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बेटावर पडणारा पाऊस वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडं पाणी हलकं असतं. तेवढाच बेटाचा साठा. जास्त उपसला की खालून खारं पाणी वर चढतं आणि विहिरी बिघडतात. म्हणूनच कवरत्तीला, लक्षद्वीपच्या राजधानीच्या बेटावर, २००५ साली समुद्राच्या पाण्यापासून दिवसाला १ लाख लिटर गोडं पाणी करणारा प्रकल्प उभा राहिला. साडेतीनशे मीटर खोलीवरचं थंड पाणी वर आणायचं, पृष्ठभागाच्या कोमट पाण्याची निर्वातात वाफ करायची आणि त्या थंडाव्यावर ती निववायची. अगत्तीलाही २०११ पासून तसा प्रकल्प आहे. हे कळल्यावर आम्ही बादलीभर पाण्यात आंघोळ उरकू लागलो आणि खारट केस तसेच बांधले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात उतरायचं ठरलं. मी लहानपणी विहिरीत पोहायला शिकलेली, पाठीला सुकडी, म्हणजे तरंगणारं हलकं लाकूड, बांधून. त्यामुळे मला काही अडचण येणार नाही असं मी गृहीत धरलं होतं. शिकवायला अगत्तीचा एक पंचविशीतला मुलगा होता, हिंदी स्वच्छ बोलणारा. त्याने मुखवटा दिला, आतून काचेला थुंकी चोळायला लावली म्हणजे वाफ धरत नाही, कपाळावरचे केस एकेक करून बाजूला काढायला सांगितले कारण एका केसावरूनही पाणी आत झिरपतं. पट्टा फार आवळायचा नाही. नळी दातांत हलकी धरायची, चावायची नाही. मग म्हणाला, "आता पोहू नका. फक्त चेहरा पाण्यात ठेवा आणि तोंडाने श्वास घ्या."

कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मी चेहरा बुडवला आणि दोन श्वासांत वर आले. पुन्हा बुडवला, पुन्हा वर. नाक बंद, तोंडात रबर, आणि कानांत स्वतःच्या श्वासाचा घरघराट. विहिरीत शिकलेल्या माणसाच्या अंगात एकच गोष्ट मुरलेली असते: पाण्याखाली श्वास धरायचा. चाळीस वर्षांची ती सवय शरीर सोडेना. छाती भरून घेतलेला श्वास मी सोडतच नव्हते, आणि तो सोडला नाही की पुढचा घेता येत नाही, मग जीव घाबरा होतो.

ताई मात्र पहिल्या प्रयत्नात तरंगली. तिच्या शिक्षकांनी तिला दोन वर्षं एकच धडा घोटून दिला होता, पाण्यात श्वास सोडत राहायचा. ती डोकं खाली घालून सरळ पडून राहिली, नळीतून संथ फुस्स, फुस्स आवाज येत होता, आणि तिचा एक हात मला बोलवत होता. मी तिथेच उभी.

त्या दिवशी मला जमलं नाही. दुपारी त्या मुलाने मला सावलीत बसवून, कोरड्या जमिनीवर, मुखवटा लावून पंधरा मिनिटं नुसता श्वास घ्यायला लावला. आत घ्यायला तीन आकडे, बाहेर सोडायला सहा. नळीत पाणी गेलं तर घाबरून उभं राहायचं नाही, "तू" म्हटल्यासारखी जोरात फुंकर मारायची, पाणी वरून उडून जातं. मी ते पाण्याबाहेर वीस वेळा केलं. ज्यांना पोहता येतं पण हे जमत नाही, त्यांनी हाच रस्ता धरावा असं मी मनापासून सांगेन. पाण्यात जाऊन झगडत राहिलं की भीती पक्की होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईचा हात धरून चेहरा बुडवला. पहिले दहा श्वास मी मोजले. अकरावा मोजायचा राहून गेला, कारण खाली काहीतरी दिसलं.

आधी आवाज आला. लहान मुलं खडीसाखर चावतात तसा कुरकुर आवाज, सगळ्या बाजूंनी. हातभर लांबीचे निळे-हिरवे पोपट मासे खडकाला तोंड लावून खात होते. त्यांचे दात एकमेकांना जुळून चोच झालेली असते, म्हणून ते नाव. मेलेल्या प्रवाळावरचं शेवाळ खरवडताना ते चुनखडीही ओरबाडतात, ती पोटात दळली जाते आणि मागून बाहेर पडते. माझ्यासमोर एका माशाने पांढऱ्या धुरासारखा लोट सोडला. तो हळूहळू खाली बसला आणि तळाच्या वाळूत मिसळला. मी आदल्या दोन दिवसांत जिच्यावरून अनवाणी चालले होते ती वाळू! मालदीवमधल्या एका बेटाभोवती संशोधकांनी मोजणी केली होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दरवर्षी नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाटा पोपट माशांचा निघाला. मी हे पूर्वी वाचलं होतं. पण तो पांढरा लोट खाली बसताना बघणं फार वेगळं होतं. पाण्याच्या वर राहून हे बेट मला कळलंच नसतं.

त्यानंतर मी बाहेर यायला तयार नव्हते. प्रवाळांच्या एका घुमटाखाली काळे-पांढरे पट्टे असलेले अंगठ्याएवढे मासे सावली पडली की एकदम फांद्यांत शिरत आणि सावली हटली की एकदम बाहेर येत. एक समुद्रकाकडी वाळूवर पडलेली, आमच्या हाताच्या अंतरावर. ती वाळू गिळून स्वच्छ करून टाकते. तिच्या चोरट्या तस्करीमुळे लक्षद्वीप प्रशासनाने २०२० मध्ये चेरियापाणीच्या खडकाभोवती तिच्यासाठी खास संरक्षित क्षेत्र जाहीर केलं.

पण सगळंच रंगीत नव्हतं, आणि ते लपवावंसं वाटत नाही. खोल बाजूला फांद्यांच्या प्रवाळाचं एक मोठं शेत होतं, सगळं करड्या शेवाळाने माखलेलं, जळून गेलेल्या झुडपांसारखं. तो मुलगा पाण्यावर डोकं काढून म्हणाला, "हे मागच्या उन्हाळ्यात गेलं." पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा तापलं की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो. रंग आणि अन्न दोन्ही त्या शैवालाकडून मिळतं, म्हणून तो पांढरा पडतो, आणि उष्णता हटली नाही तर मरतो. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असं मोठं विरंजन झालं, आणि २०२४ मध्ये पुन्हा. आधीच्या घावातून सावरायला मिळणारी वर्षं कमी पडतायत. प्रवाळाची भिंत खचली की लाटा थेट पुळणीवर येतात. याच कंकणातलं परळी नावाच्या जोडीतलं एक छोटं बेट, १९६८ साली साधारण ८ एकरांचं, झिजत झिजत पूर्ण नाहीसं झाल्याचं २०१७ साली संशोधकांनी नोंदवलं. त्या मुलाने हात करून दिशा दाखवली. तिकडे फक्त पाणी होतं.

म्हणूनच त्या दुपारी मला जे दिसलं त्याने फार त्रास झाला. दुसऱ्या एका गटातला माणूस दमून चक्क प्रवाळाच्या घुमटावर उभा राहिला, फोटोसाठी हात पसरून. त्याच्या पायाखाली फांदी मोडल्याचा आवाज मला पाण्यात ऐकू आला. बोटाएवढी फांदी वाढायला वर्ष जातं. मी त्याच्याकडे पोहत गेले आणि खाली उतरायला सांगितलं. तो उतरला, माफीही मागितली, त्याला ते दगड वाटले होते. चूक त्याची होती, पण पाण्यात उतरवण्याआधी त्याला कोणी सांगितलं नव्हतं हेही खरं. सोबत लहान मुलं किंवा पहिल्यांदा उतरणारी माणसं असतील तर हे किनाऱ्यावरच सांगा: दम लागला तर पाठीवर उलटायचं, तरंगायचं, उभं राहायचं नाही. तरंगायचा अंगरखा घालायला लाजू नका. कंकणाच्या कडेपलीकडे तर मुळीच जाऊ नका, ओहोटीला पाणी कडेतल्या फटींतून जोरात बाहेर ओढलं जातं. आणि शंख, प्रवाळाचा तुकडा काहीही उचलायचं नाही. वन्यजीव कायद्याने प्रवाळ वाघाइतकाच संरक्षित आहे.

संध्याकाळी बेटाच्या मधल्या मचूळ तळ्याकडे चालत जायचो, केवड्याच्या आणि माडांच्या दाटीतून. एक करडा बगळा रोज त्याच दगडावर असायचा. जेवणात कुपा मासा, नारळाच्या वाटणात. इथली माणसं तो जाळ्याने नाही, गळाने एकेक करून पकडतात. भाजी कोचीहून जहाजाने येते, म्हणून ताटात थोडीच असायची आणि ताई ती चाटूनपुसून खायची. कोची ते लक्षद्वीप समुद्राखालून टाकलेली केबल २०२४ च्या जानेवारीत सुरू झालीय, पण मी तिथे फोन फारसा उघडला नाही.

शेवटच्या दिवशी होडी सकाळी साडेनऊला निघणार होती, त्यानंतर पाणी उतरणार होतं. आम्ही साडेसहालाच पाण्यात. तासाभराने ऊन तळापर्यंत पोचू लागलं. ताईला एक शिंपला पुन्हा शोधायचा होता, आदल्या दिवशी तिला दिसलेला आणि मी पोचेपर्यंत मिटलेला. वीतभर लांब, खडकात अर्धा रुतलेला, आणि उघडला की कडेला जांभळ्या-निळ्या मखमलीची नागमोडी झालर. त्या झालरीवर बारीक बारीक डोळे असतात, त्यांना सावली कळते. सावली पडली की तो मिटतो.

ताईने मला हाताने थांबवलं, आणि मोठा वळसा घालून दुसऱ्या बाजूला नेलं. मला आधी कळेना. मग लक्षात आलं की ती सूर्याकडे तोंड करून जात होती, म्हणजे आमच्या सावल्या आमच्या मागे पडाव्यात. आम्ही हात न हलवता, नुसत्या पाण्याच्या हेलकाव्यावर पुढे सरकलो. शिंपला उघडा होता. झालरीच्या कडेचा प्रत्येक हिरवा ठिपका दिसत होता, आणि मधल्या फटीतून तो पाणी आत घेत होता, सोडत होता. ताईचा श्वास माझ्या उजव्या कानाशी चालू होता, माझाही चालू होता. किनाऱ्यावरून तो मुलगा हाका मारत होता, पाणी उतरायला लागलं होतं.